बयाबाईची पुरचुंडी

डॉक्टरांनी मला तीन औषधं सांगितली. रोज चाला, चार माणसांत मिसळा आणि डोक्याला काळजी लावून घेऊ नका. पहिलं औषध मी एवढं घेतलं की वर्षात चपलांचे दोन जोड झिजले. दुसरं एवढं घेतलं की हल्ली दारात माणूस दिसला की आत जाऊन पांघरूण घ्यावंसं वाटतं. तिसऱ्याबद्दल न बोललेलंच बरं. छप्पन सालची ही हकीकत आहे आणि ती सांगतानाही मला दम लागतो, तेव्हा मधे मधे थांबलो तर समजून घ्यावं.

भोरच्या संस्थानी दफ्तरखान्यात मी तेहतीस वर्षं कागद लावले. संस्थान विलीन झालं त्याबरोबर मीही विलीन झालो आणि पेन्शनीवर आलो. हे पेन्शन ज्या कचेरीत मिळतं तिचं नाव मी घेत नाही, कारण ते अजूनही तिथंच मिळतं. एवढंच सांगतो की तिथं बसायला जागा नाही. सकाळी दहाला गेलेला पेन्शनर पायरीवर बसतो, ऊन आलं की वरच्या पायरीवर सरकतो आणि सगळ्या पायऱ्या संपल्या की त्याचं नाव पुकारतात. शिवाय आपण हयात आहोत हे आपल्याच तोंडानं सांगावं लागतं. एकदा कारकुनानं विचारलं, हयात आहात ना? मी म्हटलं, सकाळी तरी होतो. त्यानं माझा कागद खाली ठेवला आणि मला पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं.

त्या दिवशी भर उन्हात घरी परतताना मला कल्पना सुचली, आणि ऊन कमी असतं तर ती सुचली नसती असं माझं आता प्रामाणिक मत आहे. म्हाताऱ्या माणसांची स्वतःची पेढी काढायची. बसायला खुर्च्या, प्यायला माठातलं पाणी, पुस्तकात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस, आणि पायरीवर बसायचं नाव नाही. सकाळी सगळ्या सभासदांनी मिळून नीरा नदीपर्यंत फेरी मारायची, परत येऊन ताक प्यायचं, मग व्यवहार. प्रकृती आणि शिल्लक दोन्ही एकाच ओट्यावर सुधारायची. नावही तयार झालं, 'भोर वयस्क सुखसोय पतपेढी'. आमच्या कुटुंबाला, म्हणजे कमळाबाईंना, मी हे सगळं जेवताना सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं की ताक कोण करणार. हा तपशिलाचा भाग आहे असं मी म्हणालो. आज त्या वाक्याची आठवण झाली की मी मान खाली घालतो.

आमच्या ओट्यासमोर जलालभाई मणियारांचं बांगड्यांचं दुकान आहे. ते म्हणाले, खुर्च्यांना हात पाहिजेत, म्हाताऱ्याला बसायला त्रास नाही, उठायला आहे. हा सल्ला उत्तम होता. मग संस्थानी सामानाचा लिलाव चालू होता तिथून मी हातांच्या सहा खुर्च्या आणल्या. पाचांची वेतं गेली होती, ती नवी विणून घेतली. सहावी धडधाकट होती, उंच पाठीची, शिसवी. ती मी लिलावात पाहताक्षणीच ओळखली. साहेबांची खुर्ची. तिच्यासमोर मी तेहतीस वर्षं उभा राहिलो होतो. ती चेअरमनसाठी राखून ठेवायची असं मी ठरवलं आणि चेअरमन मीच होतो. पण खरं सांगतो, पहिल्या दिवशी तिच्यात बसलो आणि समोर कोणी नसतानाही मला उठून उभं राहावंसं वाटलं. मग ती तशीच ओट्याच्या टोकाला मोकळी ठेवली. येणाऱ्याला वाटायचं कोणी मोठा माणूस यायचा आहे.

कुंडलिक म्हणून राजवाड्यावरचा जुना शिपाई होता, तोही माझ्यासारखाच रिकामा झालेला. पेढी म्हटली की पहारा आला, असं म्हणून तो पट्टा बांधून काठी घेऊन स्वतःच हजर झाला. पगार नको म्हणाला, ताक चालेल म्हणाला. तो पायरीशी उभा राहून प्रत्येक येणाऱ्याला एवढा खणखणीत सलाम ठोकायचा की खेड्यावरची दोन-तीन माणसं तिथूनच मागं फिरली.

पेढी नोंदवायचा अर्ज पुण्याच्या एका कचेरीकडे गेला. तिचंही नाव मी घेत नाही. पहिल्यांदा तो परत आला, कारण समास डावीकडे सोडला होता. तेहतीस वर्षं मी समास डावीकडेच सोडला आणि कोणी मेलं नव्हतं. दुसऱ्यांदा तो परत आला, कारण सभासद वयस्क असल्याचा पुरावा नव्हता. कुंडलिकाला जन्मसाल विचारलं तर म्हणाला, थोरल्या प्लेगात मी पाळण्यात होतो. जलालभाई म्हणाले, मी पाळण्याबाहेर होतो. एवढ्यावर मी दोघांची वयं साठ आणि बासष्ट लावली आणि खाली सही ठोकली. पूर्वी माझ्या सहीनं जमिनी इकडच्या तिकडे होत. या खेपेला उत्तर आलं की सही करणाऱ्याचा अधिकार काय तो कळवावा. ते पत्र मी दोन दिवस कमळाबाईंना दाखवलं नाही. तिसऱ्यांदा कळलं की नोंदणी होईपर्यंत फलकावर 'नियोजित' हा शब्द पाहिजे. फलकावर जागा नव्हती म्हणून रंगाऱ्यानं तो सगळ्यात वर, सगळ्यात मोठा काढला. आमच्याकडे नियोजित म्हणजे लग्न ठरलेलं, त्यामुळे चार जण कुणाचं ठरलं म्हणून विचारून गेले.

सभासद अकरा झाले. सकाळची फेरी जोरात सुरू झाली. ताक त्याहून जोरात. कमळाबाई पहाटे चारला उठून रवी घुसळायला लागल्या आणि मुख्य म्हणजे माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पैसे मात्र कोणी ठेवीना. तीन महिने पेढीची वही कोरी राहिली. जलालभाई म्हणाले, तात्या, लोक ताकाला भरवसा ठेवतात, तेवढं तर तेवढं.

आणि चैत्राच्या शेवटी बयाबाई आल्या.

भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरातल्या धनगरवाडीवर त्यांचं खोपट. पंधरवड्यातून एकदा पहाटे निघायच्या आणि तिसऱ्या प्रहरी आमच्या दारात तुपाचं मडकं उतरवायच्या. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या, पण त्यांना चालायला कुठल्या डॉक्टरानं सांगितलं नव्हतं. आदल्या आषाढात त्यांचा नवरा गेला होता, पोरगा मेंढरं घेऊन खाली देशावर. शिमग्यात वाडीवरचं शेजारचं खोपट जळालं होतं आणि त्यांना धास्ती बसली होती. मी त्यांना पेढी समजावून सांगितली. पैसा घरात सुरक्षित नाही, इथं आहे, पहाऱ्यात आहे. तेव्हाच कुंडलिकानं सलाम ठोकला. त्यांनी कमरेची एक पुरचुंडी काढली, मळकट फडक्याची, चांगल्या तीन गाठी मारलेली.

"तात्या, हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "नवरात्राच्या आदी नेईन."

खुर्चीवर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. पायरीवर टेकल्या, ताक प्यायल्या आणि गेल्या. आमच्या पेढीची ही पहिली ठेव. त्या नजरेआड होईपर्यंत मी कसाबसा दम धरला.

आता पुढं जे झालं त्यात माझा गुन्हा एवढाच की मी कारकून होतो. पेढीच्या वहीत रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने होते. पुरचुंडीचा रकाना नव्हता. म्हणून मी गाठी सोडल्या. नखानं सुटेनात तेव्हा दातानं सोडल्या. आत भंडारा, म्हणजे देवाची हळद, मूठभर. ती सगळी माझ्या धोतरावर सांडली. आणि तिच्यात सात रुपये, राणीच्या छापाचे, चांदीचे. असला रुपया बाजारात कधीच बंद झालेला, पण चांदी म्हणून त्याला भाव होता. मी ताबडतोब संचालकांची सभा बोलावली. जलालभाई, कुंडलिक आणि मी. ठराव झाला की सभासदाच्या हितासाठी नाणी विकावीत. ज्ञानू सोनारानं बारा रुपये आठ आणे दिले. मी ते वहीत लिहिले, रकाने अगदी बरोबर भरले, आणि नफा बघून मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं की त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुरचुंडीचं फडकं दौतीचं तोंड पुसायला घेतलं.

मधल्या खेपांना नुसतं तूप ठेवून जाणाऱ्या बयाबाई भाद्रपदात, घट बसायला नऊ दिवस उरले असताना, पुरचुंडी न्यायला आल्या. ओट्यावर सभासदांचं ताक चालू होतं. मी मुद्दाम उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की बयाबाई, तुमच्या सातांचे साडेबारा झाले, आणि नोटा आणि सुटे त्यांच्यापुढे धरले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बयाबाईंनी नोटांकडे पाहिलं नाही.

"आन् माजी पुरचुंडी?"

मी दौतीजवळचं फडकं उचलून दिलं. ते निळं झालं होतं. त्यांनी ते उलगडलं, नाकाशी नेलं, शाईच्या वासात हळद सापडते का बघितलं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं.

"तुमी गाठ सोडली व्हय?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रागाला सरावलेला माणूस आहे. त्या फक्त पायरीवर बसल्या आणि कमळाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्यात घरचा माणूस गेला की वर्षभरानं त्याचा टाक करतात. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर मूर्ती उठवलेली, तो देव्हाऱ्यात देवांच्या रांगेत बसवायचा, मग तो माणूस घरात आला. नवरात्रात घटाबरोबर मालकाचा टाक बसवायचा होता. हे सात रुपये मालकानं सात हंगामांत लोकर विकून आणून एकेक करून त्यांच्या हातावर ठेवले होते. प्रत्येक दसऱ्याला त्यांनी त्यावर भंडारा वाहिला होता. दुसऱ्या चांदीचा टाक केला तर तो दुसऱ्याच कुणाचा होईल, मालक दाराबाहेरच राहील. ठेव म्हणजे दिलं तसं परत घेणं, गाठीसकट, हे सबंध तालुक्यात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, घटाच्या आत तुमचे सातही रुपये आणून देतो. हे वाक्य मी का बोललो ते मला माहीत नाही. तेहतीस वर्षांत कुठलंही काम अमुक दिवशी होईल असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ज्ञानू सोनाराकडे गेलो. त्यानं कपाळाला हात लावला. तीन रुपये त्याच्या पेटीत भंडाऱ्यानं पिवळे तसेच होते, भाव चढायची वाट बघत. दोन आटवून वैशाखात उत्रोलीच्या रतनबाईंच्या नव्या सुनेची जोडवी केली होती. दोन आटवून पालीच्या गेणूच्या नातवाला वाळे केले होते. ज्ञानू म्हणाला, राणीछाप रुपये माझ्याकडे ढिगानं आहेत, सात मोजून देतो, म्हातारीला काय कळणार. जलालभाईंचंही मत तेच पडलं. मला मोह झाला, उगाच खोटं कशाला बोलू. पायांचा विचार करता तो मोहच शहाणपणाचा होता. घरी येऊन कमळाबाईंना विचारलं. त्या माझ्याशी कित्येक दिवसांत पहिल्यांदा बोलल्या.

"बारा वर्षांत त्या बाईनं आपल्या तुपात डालडा मिसळला नाही," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि कुंडलिक उत्रोलीला निघालो. भात पोटरीला आलेलं, बांध निसरडे, आणि त्या बांधावरून मी दोनदा खाचरात उतरलो, एकदा चपलेसकट आणि एकदा चपलेशिवाय. रतनबाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. आता मला सांगा, परक्या पुरुषानं परक्या घरी जाऊन नव्या सुनेच्या जोडव्यांचा विषय कसा काढायचा? यावर कुठल्याही पुस्तकात काही लिहिलेलं नाही. मी पाणी मागितलं, पावसाचं बोललो, भाताचं बोललो. तेवढ्यात सूनबाई पाणी घेऊन आल्या आणि माझं लक्ष नको तिथं, म्हणजे पायांकडे, गेलं ते तिथंच राहिलं. चांदी ओळखू येते का बघत होतो. रतनबाईंनी विचारलं, काय बघताय? मी खरं तेच सांगितलं. जोडवी बघतोय म्हणालो.

गोठ्यातून त्यांचा मुलगा भिमा दावं हातात घेऊन बाहेर आला. दावं गुराला बांधायचंच असावं अशी मी मनाशी समजूत घातली. प्रसंग सावरायला कुंडलिकानं पाऊल पुढं टाकलं, सलाम ठोकला आणि मोठ्यानं सांगितलं की हे सरकारी काम आहे. झालं. दोन पळांत ती बातमी वाडीभर गेली की सरकार बायांच्या अंगावरची चांदी मोजायला आलंय. दारं धडाधड लागली. एका म्हातारीनं आपली पैंजणं काढून भाताच्या कणगीत टाकली म्हणे, आणि ती सापडायला दिवाळी उजाडली. साठी उलटलेला, संस्थानी पगडी घालून हिंडलेला मी, चिखलात भिजलेलं धोतर धरून दावणीशेजारी उभा होतो आणि माझ्याभोवती पंधरावीस माणसं होती. अशा वेळी पेन्शनीच्या पायऱ्याही बऱ्या वाटतात.

शेवटी मी सगळं सांगितलं. पुरचुंडी, शाई, टाक, सगळं. भिमानं दावं खाली ठेवलं. रतनबाई म्हणाल्या की तात्या, वाईट झालं, पण जोडवी सवाष्णीच्या पायातून काढत न्हाईत, ती आमी कशी द्यावी. त्यांचं बरोबर होतं. मी तरी कसं मागणार होतो? त्यांनी आम्हाला भाकरी खाऊ घातली. कुंडलिकानं तीन खाल्ल्या.

पालीला एकटाच गेलो. कुंडलिकाला मी पहाऱ्याचं महत्त्व पटवून घरी ठेवलं. नसरापूरपर्यंत एस.टी.नं गेलो, म्हणजे नसरापूरच्या अलीकडे मैलभर एस.टी. थांबली आणि आम्ही उतारूंनी ती उरलेलं अंतर ढकलत नेली. तिकिटाचे पैसे परत मागितले तर कंडक्टर म्हणाला की तात्या, बसलात तेवढं तिकीट, ढकललंत ते व्यायाम. पुढं बैलगाडी मिळाली, ती वाटेत दुसऱ्याच गावाला वळली. मग पाय. राजगड समोर दिसत होता तो दुपारपासून संध्याकाळपर्यंत तेवढाच लांब राहिला.

गेणू चांगला माणूस निघाला. हकीकत ऐकून त्याचे डोळे भरले. त्याची स्वतःची आई वर्षापूर्वी गेलेली, टाक नुकताच बसवलेला. घेऊन जा म्हणाला, पोराला दुसरे करू. आणि त्यानं नातवाला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. दहाबारा महिन्यांचं पोर, नुकतं उभं राहायला लागलेलं. माझ्या गुडघ्याला धरून ते उभं राहिलं, एक पाऊल टाकलं, वाळे वाजले. ते वाजले म्हणून ते खाली बघून हसलं आणि आणखी एक टाकलं. सून म्हणाली, हे पयल्यांदाच चाललं. मी वाळ्याला हात घातला, तो तसाच काढून घेतला. इतकं चालून मी तिथं गेलो ते एका पोराचं चालणं बघायला. परत निघताना मला रडू यायला लागलं होतं, थकव्यानं आलं असेल.

घटाच्या आदल्या दिवशी बयाबाई दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातावर तीन रुपये ठेवले. आणि ओट्यावर सगळे सभासद असताना, खालच्या पायरीवर बसून, सांगितलं की चार आणता आले नाहीत. माझ्या हातून चूक झाली, बयाबाई. मला माफ करा. हे शब्द मी उभ्या नोकरीत एकदाही उच्चारले नव्हते आणि ते तोंडातून निघताना फार जड गेले.

त्यांनी विचारलं, चार कुठं गेलं? मी सगळं सांगितलं. दोन उत्रोलीच्या पोरीच्या पायात, ती पाणी आणायला ओढ्यावर जाते. दोन पालीच्या पोराच्या पायात, त्यानं परवा माझ्यासमोर पहिलं पाऊल टाकलं. त्या ऐकत राहिल्या. पोर किती पावलं चाललं तेही विचारलं. मी म्हटलं, पाच, मग आपटलं.

"मालक जलमभर मेंढरामागं चालला," त्या म्हणाल्या. "घरात चार दीस बसला की पाय दुखायचं त्येचं. चालू द्या त्येला."

आणि तीन रुपये भंडाऱ्याच्या चिमटीत धरून त्या ज्ञानूकडे गेल्या. ज्ञानूनं तासाभरात टाक ठोकून दिला, मजुरी घेतली नाही. टाक लहानसाच झाला, पण फेटा, काठी आणि पायाशी मेंढरू सगळं उमटलं. कमळाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

मग बयाबाईंनी चार रुपयांच्या हिश्शाचे सात रुपये आणि काही आणे माझ्याकडून मोजून घेतले. ते एका नव्या फडक्यात बांधले, माझ्यासमोर पाच गाठी मारल्या, आणि पुरचुंडी परत माझ्याच हातात दिली. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"आता सोडू नका," म्हणाल्या.

मी वही उघडली. पट्टी घेऊन पैच्या पुढं आणखी एक रकाना आखला. त्यात लिहिलं, 'पुरचुंडी, एक.'

ही गोष्ट बाजारातून चारी दिशांना गेली. तात्या गाठ सोडत नाही, असं लोक म्हणू लागले. आणि ज्या ओट्यावर तीन महिन्यांत एक पै आली नव्हती तिथं दिवाळीपर्यंत सव्वीस पुरचुंड्या झाल्या. गडव्यात घालून मेण लावलेली एक, जलालभाईंच्या झुबेदाबींची हिरव्या खणातली एक. आत काय असेल ते असो, मी विचारत नव्हतो. म्हातारी माणसं पुरचुंडी बघायला म्हणून येत. फडताळ उघडून दाखवलं की आपली कोणती ते लांबूनच ओळखत, हाय तितंच, असं म्हणत, ताक पीत, बोलत बसत आणि उन्हं उतरली की चालत घरी जात. पैसे काढायला कोणी येत नसे. कमळाबाईंनी दुसरी म्हैस घ्यायला लावली.

पौषात पुण्याहून तपासनीस आले. तरुण होते, बोलायला सभ्य होते. वही बघून म्हणाले की सगळं ठीक आहे, फक्त हा चौथा रकाना काय आहे? मी फडताळ दाखवलं. त्यांनी पुरचुंड्या उघडायला सांगितलं. रोकड मोजल्याशिवाय नोंदणी होणार नाही. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, तात्या, तुम्ही तेहतीस वर्षं दफ्तरात काढलीत, नियम तुम्हाला माहीत आहे.

"नियम माहीत होता," मी म्हणालो. "गाठ माहीत नव्हती."

कुंडलिक काठी घेऊन फडताळापुढं उभा राहिला. या खेपेला त्यानं सलाम ठोकला नाही. तपासनीसांनी ताक घेतलं, शेरा लिहिला आणि ते गेले. महिन्यानं पत्र आलं. नोंदणी नाकारली आहे, फलक काढावा, पतपेढी हा शब्द वापरू नये. समास उजवीकडे होता. फलक मी काढला. कमळाबाईंनी तो उलटा करून ताकाच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवला. एवढी खटपट, एवढे अर्ज, एवढी पायपीट, आणि शेवटी सगळं मिळून एक झाकण.

पत्र आलं त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी बयाबाई तुपाचं मडकं घेऊन आल्या. ओट्यावर पाचही वेताच्या खुर्च्या भरलेल्या. मी त्यांना सांगितलं की पेढी बंद झाली, पाहिजे तर पुरचुंडी घेऊन जा, मी आता कोणीच नाही. त्यांनी फडताळात डोकावून आपली पुरचुंडी बघितली. मग ओट्यावर नजर फिरवली आणि टोकाच्या त्या शिसवी खुर्चीपाशी गेल्या. तिच्या हातांना धरून सावकाश बसल्या, पाय लांब केले, डोळे मिटले.

"ऱ्हाऊ द्या तितंच," म्हणाल्या. "लई चालून आले. वाईच बसते."

मी आत जाऊन ताक आणलं आणि पेला घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्या खुर्चीसमोर उभं राहायची मला सवय होतीच.